भाऊ पूर्ण जुळला आहे, मग थांबायचं कशासाठी?

वाचकाचं पत्र

"माझी मुलगी पावणेसहा वर्षांची आहे. सात महिन्यांची असताना थॅलेसेमिया मेजर असल्याचं कळलं. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवतो. न्यायची वेळ येते तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या आसपास उतरलेलं असतं. वजन १६ किलो, फेरिटिन ३,४००. लोह उतरवायची गोळी चालू आहे, पण ती उलट्या करते म्हणून अधूनमधून बंद पडते. गेल्या महिन्यात शिबिरात गालाच्या आतून नमुना घेऊन एचएलए तपासणी झाली. तिच्या आठ वर्षांच्या भावाचा दहापैकी दहा मॅच आला. तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसता वाहक आहे, वजन २४ किलो. डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, एका लेकरासाठी दुसऱ्याच्या मणक्यात सुई घालू देणार नाही. दीर म्हणतात, जनुक बदलायचं औषध आलंय, चार-पाच वर्षं थांबा. मुलीच्या जन्माच्या वेळी पैसे भरून तिच्या नाळेचं रक्त साठवलं होतं, ते वापरता येईल का? गावची जमीन विकायची का? आणि जूनमध्ये तिचं पहिलीत नाव घालायचं का? – एक आई, नाशिकरोड"

ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही मध्येच एका ओळीत उरकली आहे. सख्खा भाऊ दहापैकी दहा जुळला! एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एकगठ्ठाच पुढच्या पिढीत जातात. आईकडच्या दोन गठ्ठ्यांतला एक, वडिलांकडच्या दोनांतला एक. भावाला आणि बहिणीला नेमके तेच दोन मिळण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे बऱ्याच घरांत या तपासणीचा कागद निराश करतो. मग नोंदणीतला परका दाता शोधायचा, नाहीतर निम्मे जुळणाऱ्या आईवडिलांकडून मज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गाभा, घ्यायची, अशी जास्त अवघड वाट उरते. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

आमचं उत्तर आधीच सांगतो. ट्रान्सप्लांट करा, भावाकडूनच करा, जनुकोपचारासाठी थांबू नका. पण पुढच्याच महिन्यात धावत जाऊनही करू नका. मध्ये चार-सहा महिन्यांचं काम आहे. ते तुम्ही घरी, नाशिकमध्ये राहूनच करायचं आहे, आणि ट्रान्सप्लांटचा निकाल बराचसा त्या कामावर ठरतो.

थॅलेसेमियासाठी मज्जा बदलण्याची सुरुवात १९८१ मध्ये झाली, अमेरिकेत सिॲटलला आणि इटलीत पेसारोला. पेसारोच्या ग्विदो लुकारेल्ली यांनी शेकडो मुलांचे निकाल तपासून तीन प्रश्न काढले, आणि आजही प्रत्येक केंद्र तेच विचारतं. यकृत बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलंय का? यकृतात फायब्रोसिस, म्हणजे वण धरलेत का? लोह उतरवायचं औषध नियमित झालंय का? तिन्ही उत्तरं चांगली तर पहिला वर्ग, तिन्ही वाईट तर तिसरा. आजार तोच, दाता तितकाच जुळणारा, तरी या वर्गांच्या निकालांत मोठं अंतर पडत होतं. तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात १९८६ पासून ट्रान्सप्लांट होतात. तिथल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या मुलांचा अभ्यास करून तिसऱ्या वर्गातलाही सर्वांत धोक्याचा गट वेगळा काढला: वय सात किंवा जास्त आणि यकृत पाच सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेलं. तुमची मुलगी सातच्या आत आहे. म्हणून चार-पाच वर्षं थांबण्याचा सल्ला आम्हाला मान्य नाही.

आता जोखीम, आडपडदा न ठेवता. २००० ते २०१० या काळात युरोपातल्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या केंद्रांत झालेल्या १,४९३ ट्रान्सप्लांटचा एकत्र अभ्यास झाला आहे. पूर्ण जुळणारं भावंड दाता असलेल्यांत दोन वर्षांनी ९१ टक्के रुग्ण हयात होते आणि ८३ टक्के रक्त न चढवता जगत होते. चौदाच्या आतल्या मुलांचे निकाल मोठ्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. पण शंभरांतली नऊ माणसं गेली, आणि काहींच्या अंगात नवी मज्जा रुजली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. घरात चर्चा होईल तेव्हा दोन्ही आकडे सासूबाईंसमोर आणि दिरांसमोर ठेवा. "शंभर टक्के बरं होतं" असं सांगून मिळवलेला होकार पहिला ताप आला की डळमळतो.

तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर तुमचं पत्रच देतं: औषध नियमित नाही. ते आजपासून सुधारता येईल, म्हणून तिथून सुरुवात करू.

लाल पेशींच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तुमच्या मुलीला वर्षाला सोळाएक पिशव्या लागत असतील, म्हणजे तीन ते चार ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून एवढं लोह असतं. शरीराला ते बाहेर टाकायची वाटच नाही; मोठ्या माणसाच्या अंगातूनसुद्धा दिवसाला एखादा मिलिग्रॅमच जातो. उरलेलं यकृतात, हृदयात आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत साठतं. ट्रान्सप्लांटच्या आधी जुनी मज्जा रिकामी करायला देतात त्या केमोथेरपीचा मारा नेमका यकृतावर पडतो. लोहाने आधीच शिणलेलं यकृत तो झेलू शकत नाही. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, पोटात पाणी भरतं, वजन भराभर वाढतं, कावीळ होते. हीच ती व्हीओडी नावाची गुंतागुंत. तिच्यावर डिफायब्रोटाइड नावाचं औषध आहे, पण ते फार महाग. रोजची गोळी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

उलट्यांबद्दल. डेफेरासिरॉक्स, म्हणजे लोह उतरवायची गोळी, दोन प्रकारांत येते. पाण्यात विरघळवायची गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या किमान अर्धा तास आधी द्यायची असते आणि तिच्यात लॅक्टोज असतं. त्याने काही मुलांचं पोट बिघडतं. दुसरी वरून लेप असलेली गोळी. तिच्यात लॅक्टोज नसतं, ती हलक्या खाण्याबरोबर चालते आणि चुरून मऊ भातावर टाकूनही देता येते. डॉक्टरांना थेट विचारा, "लेपवाली गोळी देता येईल का?" मात्र स्वतःहून बदलू नका, कारण दोघींचं माप सारखं नाही. विरघळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या जागी लेपवाली ३६० बसते. दुकानदाराने विरघळणारीच्या जागी लेपवाली दिली आणि आकडा तोच ठेवला तर डोस जास्त होतो. वजनाचंही बघा. विरघळणारी गोळी दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम धरली तर १६ किलोला ४८०, म्हणजे ५०० ची एक. ती १२ किलोची असताना लिहिलेला डोस आजही चालू असेल तर गोळी घेऊनही लोह चढतच राहणार. ही चूक फार घरांत सापडते. दर महिन्याला मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या आणि लघवीतलं प्रथिन बघायचं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण तेव्हा ती मूत्रपिंडाला बाधते.

फेरिटिन हा साठलेल्या लोहाचा ढोबळ आकडा आहे. साध्या तापानेही तो वर जातो. खरं चित्र हवं तर यकृताचा आणि हृदयाचा, लोह मोजणारा एमआरआय टी-टू-स्टार करावा लागतो. नाशिकच्या प्रत्येक एमआरआय केंद्रात त्याचं सॉफ्टवेअर असेलच असं नाही, तेव्हा वेळ घेण्याआधी फोनवर विचारा. यकृतातले वण बघायला फायब्रोस्कॅनही करून घ्या. लोह फार निघालं तर डॉक्टर डेफेरिप्रोन जोडतील किंवा पंपाने त्वचेखाली डेस्फेरिऑक्झामिन देतील. सुयांना कंटाळू नका, हे काही महिन्यांचंच आहे.

हिमोग्लोबिन सातवर येईपर्यंत थांबणं आजपासून बंद. रक्त चढवण्याआधीचा आकडा नऊ ते साडेदहाच्या मध्ये हवा. तो खाली गेला की शरीर हाडांत, यकृतात, प्लीहेत जिथे जमेल तिथे रक्त बनवायला धडपडतं. मज्जा फुगते, यकृत वाढतं, चेहऱ्याची हाडं रुंदावतात. फुगलेल्या मज्जेत नव्या पेशींना जागाही सहज मिळत नाही. "जास्त रक्त म्हणजे जास्त लोह, म्हणून उशिरा चढवतो" हा हिशेब वरवर पटतो, पण तो चुकीचा आहे.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: तिला तुमचं, तिच्या बाबांचं, भावाचं, काका-मामांचं, कोणत्याही रक्ताच्या नातलगाचं रक्त चढवायचं नाही. प्रेमापोटी लोक पुढे येतात, पण त्या रक्तातून तिच्या शरीराला तुमच्या घराण्याच्या खुणांची ओळख पटते आणि त्यांच्याविरुद्ध तयारी होते. मग भावाची मज्जा शिरली की शरीर तिला शत्रू समजून हाकलतं. नातलगांनी रक्तपेढीत दान जरूर करावं, मुलीला मात्र परक्याचं रक्त मिळू द्यावं. पांढऱ्या पेशी गाळलेलं, ल्यूकोडिप्लिटेड रक्त मागा. प्रत्येक पिशवीची तारीख, क्रमांक आणि काही प्रतिक्रिया आली का, हे एका वहीत लिहा. ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ती वही मागतातच.

शिबिरातला रिपोर्ट हा पहिला टप्पा आहे. दोन्ही मुलांचा नवा नमुना घेऊन हाय रिझोल्यूशन तपासणी पुन्हा होते. नमुन्यांची अदलाबदल क्वचित होते, पण इथे तीही परवडणारी नाही. सोबत हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, दोघांची सीएमव्ही या विषाणूची तपासणी, तिच्या हृदयाचा इको आणि दातांच्या डॉक्टरांची भेट. एक किडलेली दाढ, जी एरवी नुसती ठणकते, केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी शून्यावर असताना रक्तात जंतुसंसर्ग पसरवू शकते.

आता सासूबाईंची भीती. तिला हसू नका, ती नातवाच्या काळजीतून आली आहे. त्यांना सांगा, मणक्याला कुणी हातही लावत नाही. मज्जा कमरेच्या मागच्या हाडातून घेतात, जिथे आपण दमल्यावर हात टेकवतो तिथून. मुलाला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात. जाड सुईने दर वेळी थोडी थोडी, काही मिलिलिटर मज्जा ओढतात; सुई फिरवून पुन्हा. तासा-दीड तासाचं काम. टाके नाहीत, चिरा नाही, एखाद-दोन दिवसांत घरी. हिशेब असा: घेणाऱ्याच्या वजनावर किलोमागे १५ ते २० मिलिलिटर धरले तर १६ किलोला २४० ते ३२०. देणाऱ्याकडून त्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिलिटरपेक्षा जास्त घेत नाहीत, म्हणजे २४ किलोला ४८०. तुमचा मुलगा मर्यादेच्या बराच आत राहतो. नंतर तीन-चार दिवस, कधी आठवडाभर कंबर दुखते, पॅरासिटामॉलने भागतं. तो मायनर असल्याने त्याचं हिमोग्लोबिन आधीच थोडं कमी असणार. त्याचं लोह तपासून कमी असेल तरच लोहाचं औषध द्यायचं. घेतलेली मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते. मायनर असणं दात्याला आड येत नाही. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. तेव्हा मज्जेतल्या लाल पेशी किंवा प्लाझ्मा काढून देतात.

भूल दिल्यावर जो काही थोडा धोका असतो, तो मात्र खरा आहे. भूलतज्ज्ञांशी सासूबाईंची गाठ घालून द्या.

कोणी सुचवलं की हाडातून कशाला, इंजेक्शनं देऊन हातातून मशीनने पेशी काढू, तर थॅलेसेमियात सहसा नाही म्हणतात. तशा पेशींमध्ये दात्याच्या टी पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, बऱ्याच जास्त येतात आणि पुढे जुनाट जीव्हीएचडी, म्हणजे नव्या मज्जेने घरधन्यावरच उलटणं, वाढतं. रक्ताच्या कर्करोगात त्या उलटण्याचा थोडा उपयोग असतो, कारण उरलेल्या कर्कपेशी त्यात मरतात. तुमच्या मुलीला त्याचा काडीचाही फायदा नाही.

मुलाशी तुम्ही स्वतः बोला. आठ वर्षांच्या पोराला कळतं. "तुझ्यामुळे बहीण वाचणार" हे ओझं मात्र त्याच्यावर टाकू नका. मज्जा रुजली नाही तर तो दोष स्वतःकडे घेईल. "तुझ्यातलं थोडं तिला देऊ, तुझं पुन्हा भरून येईल, पुढचं काम डॉक्टरांचं" इतकं पुरे.

दिरांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. क्रिस्पर नावाच्या जनुकं कापण्याच्या तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत बदल करून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी अमेरिकेने मान्यता दिली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत विषाणूच्या वाहनातून चांगलं जनुक पोहोचवणारा उपचार आला. भारतातही वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांवर मूळपेशींतून जनुकोपचार केल्याचे निकाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. हे सगळं आनंदाचं आहे. पण दिरांना तीन गोष्टी विचारा. क्रिस्परची मान्यता बारा वर्षांवरच्यांना होती, तोवर हिचं यकृत कुठे असेल? अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर लावली गेली, ती कोण भरणार? आणि ज्या केमोथेरपीची भीती आहे, ती जनुकोपचारातही द्यावीच लागते. जुनी मज्जा रिकामी केल्याशिवाय सुधारलेल्या पेशींनाही जागा मिळत नाही. त्यातून वाचते ती जीव्हीएचडीची भीती. ज्याच्याकडे दाता नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्याकडे दाता आहे.

नाळेच्या रक्ताचं उत्तर छोटं आहे. ते तिचंच, म्हणजे त्यात तोच दोष. उपयोग नाही. वर्षाला पैसे भरत असाल तर थांबवा.

दवाखान्यात काय होतं ते आता. छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, बसते. मग आठ-दहा दिवस केमोथेरपी: बुसल्फान व सायक्लोफॉस्फामाइड, किंवा थायोटेपा, ट्रिओसल्फान व फ्लुडाराबिन. ही दुसरी तीन औषधं धोक्याच्या गटातल्या मुलांना यकृताच्या दृष्टीने जास्त सोसतात, हे वेल्लोरच्या अनुभवाने दाखवलं. बुसल्फान देणार असतील तर झटके येऊ नयेत म्हणून आधी औषध देतात आणि रक्तातली पातळी मोजतात. कमी पडली तर मज्जा नाकारली जाते, जास्त झाली तर यकृत बिघडतं. पातळी मोजण्याची सोय तिथे आहे का, हे विचाराच. केमोथेरपी संपली की, ज्याला 'शून्याचा दिवस' म्हणतात त्या दिवशी भावाची मज्जा रक्ताच्या पिशवीसारखी लाइनमधून चढते. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच?

खरी परीक्षा पुढचे तीन आठवडे. तोंडात फोड, गिळता न येणं, जुलाब, ताप, केस गळणं. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की मज्जा रुजली म्हणायचं. सहसा दोन ते चार आठवडे लागतात. या काळात प्लेटलेट आणि रक्त लागतं, तेही किरण दिलेलं, कारण साध्या पिशवीतल्या दात्याच्या टी पेशी तिच्या अंगात घर करू शकतात. तिच्या गटाचे, नात्यात नसलेले आठ-दहा प्लेटलेट दाते आधीच ठरवून ठेवा. कंपनीतले सहकारी, सोसायटीतली पोरं. फोन आल्यावर शोधायला गेलात तर रात्र जाते.

मग एका महिन्याला, दोन महिन्यांना, शंभर दिवसांना कायमेरिझम तपासतात, म्हणजे रक्तात भावाच्या पेशी किती आणि तिच्या किती. थॅलेसेमियात दोघांचं मिश्रण बऱ्याचदा दिसतं. पेसारोच्या अनुभवात, दोन महिन्यांना स्वतःच्या पेशी २५ टक्क्यांच्या वर राहिलेल्यांपैकी बहुतेकांची मज्जा टिकली नाही. उलट काही मुलं भावाच्या वीस-तीस टक्के पेशींवरही वर्षानुवर्षं रक्ताशिवाय राहिली आहेत. तेव्हा रिपोर्टवर "मिक्स्ड" शब्द दिसला म्हणून लगेच हाय खाऊ नका. आकडा कोणत्या दिशेला सरकतोय ते बघायचं.

पहिले शंभर दिवस केंद्राजवळ राहणं भाग आहे. मुंबई किंवा पुण्यात खोली घ्यावी लागेल. नंतर नाशिकरोडला परत आलात की एक नियम भिंतीवर लावा: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप दिसला की तासाभरात दवाखाना. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. आणि त्याच अवस्थेत कसारा घाट उतरायला निघायचं नाही. नाशिकमधल्या एका बालरोग किंवा रक्तविकार तज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा, केंद्राकडून त्यांच्या नावाने चिठ्ठी आणा: कोणतं अँटिबायोटिक, किती, शिरेतून लगेच. पहिला डोस इथे, प्रवास नंतर.

प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं सायक्लोस्पोरिन सहा महिने ते वर्षभर चालेल. रोज ठरल्या दोन वेळांना. पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त दिल्याशिवाय डोस द्यायचा नाही. दिला तर आकडा फसवा येतो आणि डॉक्टर औषध उगाच कमी करतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी साधी अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं पातळी वाढवतात, क्षयावरचं रिफाम्पिसिन ती पाडतं. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून न विचारता काहीही नाही. गुळवेल, काढे, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं पूर्ण बंद. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. माहितीपत्रकात "ग्रेपफ्रूट टाळा" असं असतं. ते आपलं द्राक्ष नव्हे, पपनसाच्या जातीचं फळ आहे, आणि पपनसही टाळायचं. द्राक्षं वेगळ्या कारणाने थांबवायची: साल सोलता येत नाही आणि घडाच्या आत धूळ-बुरशी बसलेली असते. केळं, संत्रं, सोललेलं सफरचंद चालेल. बाहेरची मिसळ, तिच्यावरचा कच्चा कांदा-कोथिंबीर, पाणीपुरी, उघड्यावरचा रस, काही नाही.

धुळीबद्दल थोडं जास्त सांगतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात खोदकाम चालू आहे. खणलेली माती, जुन्या भिंतींचा भुगा, कुंड्यांतली ओली माती, यांत ॲस्परजिलस ही बुरशी असते. निरोगी माणूस ती रोज हुंगतो. अशा मुलीच्या फुप्फुसात ती वाढते. घरात रंगकाम किंवा फरशीचं काम काढायचं असेल तर ती येण्याच्या महिनाभर आधी संपवा. गॅलरीतल्या कबुतरांना जाळी लावा. गोदावरीचं स्नान आणि पर्वणीची गर्दी डॉक्टर मोकळं करेपर्यंत नाही. घरात कुणाचं तान्हं बाळ असेल तर त्याला पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस दिल्यावर काही आठवडे त्याचे लंगोट हाताळणाऱ्याने तिच्याजवळ जाऊ नये, कारण त्यांतला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो. तिच्या स्वतःच्या सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून होतील. जिवंत लसी दोन वर्षांनंतर आणि औषधं थांबल्यावरच.

मज्जा रुजली म्हणून लोह जात नाही. साधारण वर्षभराने, हिमोग्लोबिन चांगलं असताना, दर चौदा दिवसांनी किलोमागे सहा मिलिलिटर रक्त काढून टाकतात. १६ किलोला जवळजवळ १०० मिलिलिटर. आयुष्यभर रक्त भरलेल्या मुलीचं रक्त काढताना बघून आजीला धक्का बसेल, आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगायची राहून जाते. बुसल्फानने बीजकोश बाधतात, पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं. बीजकोशाचा तुकडा आधी गोठवून ठेवण्याची सोय काही केंद्रांत आहे. केमोथेरपी सुरू होण्याआधीच विचारा. आणि तिचं रक्त भावासारखं मायनर होईल, पण बीजांडांतली जनुकं मेजरचीच राहतील. लग्नाच्या वेळी होणाऱ्या नवऱ्याची एचबीए-टू, म्हणजे मायनर ओळखण्याची, तपासणी हवीच. तो निरोगी असेल तर मुलं मायनर होतील, तो मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता मेजरची.

जमीन इतक्यात विकू नका. भावंडाकडून ट्रान्सप्लांटला भारतात साधारण ८ ते १५ लाख लागतात, गुंतागुंत झाली तर वाढतात. कोल इंडियाच्या पैशातून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत, ठरावीक रुग्णालयांत, जुळणारा दाता असलेल्या मुलांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, आणि वय पुढे गेलं की हा दरवाजा बंद होतो. मुंबईत बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि ट्रान्सप्लांट केंद्र आहे, तिथे नाव नोंदवा. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान साहाय्यता निधीचे अर्ज रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करा; नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दोन्ही मुलांचं आधार आणि जन्मदाखला आजच एका फाइलमध्ये लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया येतो, त्यामुळे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्रही काढा. हे सगळे अर्ज करून जी तफावत उरेल, तेवढ्यापुरताच जमिनीचा विचार करा. शंभर दिवसांचं भाडं, एका पालकाचा बुडालेला पगार आणि वर्षभराची औषधं त्यात धरायला विसरू नका.

शाळेत नाव जरूर घाला. तयारीच्या महिन्यांत तिने रोज जावं, डबा खावा, खेळावं. ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोस्पोरिन बंद होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत, सहा महिने ते वर्षभर, घरी. मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून हजेरीची सवलत लेखी मागा, यूडीआयडीची प्रत जोडा. वर्गशिक्षिकेला वेगळं सांगा: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करावा. तिचा भाऊ त्याच शाळेत असेल तर त्याच्याही वर्गाचं तसंच, कारण कांजिण्यांचा संपर्क झाल्यावर द्यायचं इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत दिलं तरच नीट कामाला येतं.